तीन मशिनी आणि नानांची बोटं

लाकूड कापणाऱ्याच्या अंगावर भुसा साठतो, तसे आमच्या टोळीत किस्से साठतात. कितीही झटका, बनियनमध्ये थोडा उरतोच! "बापूच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्या," असं आमचा गुलाब सगळ्यांना सांगत फिरतो. पण ह्या किश्श्यात मीठमसाला घालायला मला जागाच मिळाली नाही.

आम्ही तिघं खानदेशी. नाना, गुलाब आणि मी. इकडे परराज्यात, कामरेजच्या आसपास निलगिरीची झाडं उतरवायची, वादळात आडवी झालेली झाडं कापायची, हे आमचं काम. मशीन, म्हणजे पेट्रोलवरची साखळीची करवत, नाना चालवतात. वीस वर्षं ती थरथर हातात बसून बसून बोटं मेली त्यांची. टोकं चुन्यासारखी पांढरी पडतात, काही कळत नाही.

सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं गुलाब लावतो. मी एकदा म्हणालो, "नाना, नवरदेवासारखं सजवून घेता की!"

नाना म्हणाले, "नवरदेवाला निदान पुढे काय होणार ते ठाऊक नसतं."

•

गुलाबनं त्यांना दवाखान्यात नेलं. मीही गेलो, फुकटचा पंखा मिळतो म्हणून! डॉक्टरांनी नानांना सांगितलं, "तिकडे खिडकीबाहेर बघा. मी सुई टोचतो, टोचली की सांगा."

नाना बघत बसले. समोर एक रिक्षा रिव्हर्स घेत होती. तिची आत-बाहेर तीनदा झाली.

शेवटी नानांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, सुरू कधी करताय?"

डॉक्टर तोवर सुई ठेवून हात धूत होते.

"हे काम बंद करा," ते म्हणाले. नाना म्हणाले, "दुसरं काहीतरी औषध द्या. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे."

•

त्याच आठवड्यात जुनी मशीन बसली. आमचे शेठ जिग्नेशभाई दिलाचे मोठे! म्हणाले, "तीन कंपनीवाले डेमोला बोलावतो. नाना, तमे कहो ते लईशुं!" म्हणजे नाना सांगतील ती घेऊ.

आमचे चेहरेच उतरले. शेठला बोटांचं कळलं तर नानांना मशीनवरून काढून ट्रक भरायला लावणार. आणि त्या बोटांनी ओंडका धरायचा कसा? म्हणजे सरळ गावाकडची गाडी.

गुलाब कानात कुजबुजला, "बापू, कमी थरथरणारी एखादी निघाली तर वर्ष निघेल रे नानांचं."

•

पहिली मशीन परदेशी. वजनाला हलकी, आणि निलगिरी अशी कापली की पिकली पपई वाटावी! टाय लावलेला सेल्समन सारखा म्हणत होता, "व्हायब्रेशन झीरो! हाताला कळणारच नाही!"

"ते तर आहेच," नाना म्हणाले.

आता मशीन तपासायची आमची एक रीत आहे. अर्धा तास कापायचं आणि लगेच चहानं भरलेली बशी हातात धरायची. जितका चहा सांडेल तितकी मशीन वाईट. नानांनी बशी धरली. सगळा चहा पायावर! शेठनी सेल्समनकडे असं पाहिलं की तो बिचारा बशी उलटी करून भोक शोधायला लागला.

चांगली मशीन अशी हातची गेली. नाना बशीकडे बघत राहिले. आम्ही एकमेकांकडेही बघितलं नाही.

•

दुसरी मशीन रेड्यासारखी. जड, पण दमदार. कापून झालं तरी ती घुरघुरतच राहिली. नानांचा अंगठा बंद करायचं बटण शोधत होता. तिथंच होतं, अंगठ्याखाली! सापडत नव्हतं.

सेल्समन खूश! "बघा शेठ, बंदच पडत नाही!"

मी बिडी मागायच्या मिषानं जवळ गेलो आणि बटण दाबलं. नाना हळूच म्हणाले, "बापू, तुझा हात थंड आहे का रे? मला कळलं नाही."

•

तिसरी मशीन आली ती सगळ्यांत स्वस्त. सेल्समननं दोरी ओढली. गप्प! पुन्हा ओढली. गप्प! गुलाबनं प्लग पुसला, मी पेट्रोल बदललं. सेल्समनचा टाय सुटला. मग शेठ स्वतः पाय रोवून ओढायला लागले. ढेरी हलली, मशीन नाही!

नाना पलीकडे निंबाखाली ओंडक्यावर बसले होते. दोन्ही हात काखेत, डोळे मिटलेले. जेवणाच्या सुट्टीपासून उन्हं उतरेपर्यंत कुणी त्यांना हाकही मारली नाही. इतका वेळ बसलेले नाना मी वीस वर्षांत पाहिले नव्हते.

शेवटी शेठ घाम पुसत, कुठली घ्यायची ते विचारायला आले. "नाना, हवे बोलो. कई लेवी छे?"

नाना उठले, तिसऱ्या मशीनपाशी गेले आणि तिच्या साखळीच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "ही."

"अरे, आ तो चालू ज नथी थती!"

"शेठ," नाना म्हणाले, "तिघींत हीच भरवशाची."