भुशाच्या पेटीतलं जेवण

आखातात लढाई लागली आणि गंगाखेडच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत स्टोव्ह दिवसातून एकदाच पेटायला लागला. रॉकेल मिळेना आणि भिंती काळ्या होतात म्हणून घरमालक चूल मांडू देईना. सकाळी सासूबाई भाकरी-कालवण करून ठेवायच्या, तेच दोन्ही वेळा खायचं. आधी सासरे आणि माझे मिस्टर जेवायचे. मग मी, कारण मला सातवा महिना होता. सगळ्यांचं झालं की माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई बसायच्या. त्यांच्या वाट्याला गार भाकरी आणि पातेल्याचा तळ.

"मला लागतंय कुठं लय?" असं वर म्हणायच्या.

एक दिवस हापशावर घागर भरता भरता त्यांना भोवळ आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाई पोटभर जेवत नाहीत. सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आपल्या घरात बायको अर्धपोटी राहते, हे परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं. घरी येऊन ते मला म्हणाले, "पोरी, हिला एकदा तरी सगळ्यांच्या आधी, गरम गरम जेवताना बघायचंय मला."

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते मूळचे सोनपेठकडचे शेतकरी. पण दुसऱ्या महायुद्धात, ऐन विशीत, सिकंदराबादला गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये वाढपी होते. त्या मेसच्या गोष्टी आम्ही इतक्यांदा ऐकल्या होत्या की त्यांनी घसा खाकरला तरी मिस्टर चप्पल शोधायला लागायचे.

"साखर न्हाई, अंडी न्हाई, लोणी न्हाई," मामा सांगायचे, "पर टेबलावरची चादर रोज इस्त्रीची! अन् उकडलेल्या बटाट्याला हातभर लांब नाव, कार्डावर टाईप केल्यालं." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मोठ्या साहेबाच्या मडमेकडे बोटीनं स्वयंपाकाचं मासिक यायचं. आधी त्यात भल्या थोरल्या केकचे फोटो असायचे. लढाई लांबली तसे केक बारीक झाले आणि साखरेऐवजी गाजर आलं. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, फोटो मात्र पाठ होते.

मासिकाचं वेड मलाही होतं. स्टँडवरून दर महिन्याला एक आणायचीच. त्यातला अननस आणि चीज गंगाखेडात कोण आणून देणार होतं, देव जाणे. पण मी मन लावून वाचायची. त्या महिन्यात मात्र मासिकाला अचानक अक्कल आली होती. रॉकेल वाचवायची युक्ती छापली होती. खोक्यात भुसा भरायचा, उकळी आलेलं पातेलं त्यात पुरायचं, वर गोधडी दाबायची. अन्न आपोआप शिजतं आणि चार तास गरम राहतं. मी चित्र दाखवलं तर मामांनी मांडीवर थाप मारली.

"अगं, ही पेटी मडमेच्या मासिकात हुती! लढाई आली की ही पेटी येतीच बघ."

रविवारी मामांनी आत्याबाईंना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मुगाचं कढण, बटाटे, गूळ घातलेली गाजरं, सगळं एकेक उकळी देऊन पेटीत गेलं. ट्रंकेवर ट्रंक रचून वर इस्त्रीचं धोतर अंथरलं. खुर्ची घरमालकाची आणली. त्या माणसाचा तेवढा तरी उपयोग झाला. मामांनी खांद्यावरचा पंचा घडी करून हातावर टाकला आणि आत्याबाईंना खुर्चीत बसवलं. त्या लाजून अर्ध्या झाल्या.

मेसच्या रिवाजाप्रमाणे एकेक पदार्थ यायला लागला. कढण आलं. आत्याबाईंनी वाटीवर झाकण घातलं, बाजूला सरकवली. "हे पोराला ठेवते." बटाटे आले. "हे हिला. दोन जिवांची हाय." गाजरं आली. "हे तुमाला."

तीन पदार्थ झाले, तिन्ही झाकून ठेवले आणि आत्याबाई रिकाम्या हातानं बसल्या.

"अगं, तुझ्यासाठी करायलोय मी हे!" मामा ओरडले.

"तुमी जेवल्याबिगर माझ्या घशाखाली उतरंल व्हय?"

मला दोघांचाही राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. रोज माझं ताट आधी वाढलं जायचं तेव्हा मी कुठं तोंड उघडलं होतं?

मामांनी झाकणं काढली आणि तिन्हींतला एकेक घास उभ्यानंच खाल्ला. मिस्टरांना आणि मलाही एकेक घास खायला लावला. हात धुतले.

"झालं. जेवलं समदं घर. आता तुझीच पाळी हाय."

त्यांनी पेटीतली गोधडी पुन्हा उचलली. पातेल्यातून भक्कन वाफ आली. नवी वाटी भरून त्यांनी पुढ्यात ठेवली. आत्याबाईंनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. आता झाकून ठेवायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी वाटी तोंडाला लावली, फुंकर घातली, घोट घेतला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पंचेचाळीस वर्षं सगळं घर त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत आलं होतं. त्यांनी नाव ठेवावं असं दुसऱ्या कुणाच्या हातचं आमच्या घरात त्यांच्या पुढ्यात कधी आलंच नव्हतं. मामा मिठाची बरणी आणायला धावले.