झाकली मूठ

रेस्टॉरंटच्या काउंटरवरची बडीशेप सोहोनी जेवणाआधीच घ्यायचे, आणि तीही मूठभर. मागच्या खोलीत आमची मीटिंग सुरू झाली की ती मूठ मांडीवर मिटलेली असायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने ते एकेक दाणा काढून तोंडात टाकायचे. शेजारच्याला त्यांनी कधी ‘घ्या’ म्हटलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. पुढे वाटेनाशी झाली.

ऑनलाइन दुकानं चालवणारी आम्ही काही मराठी माणसं महिन्यातून एका रविवारी अमेरिकेतल्या आयसेलिन गावी, या रेस्टॉरंटात भेटत असू. मी दिवाळीचं सामान विकायची: उटणं, पणत्या, आकाशकंदील. नागपूरचा देशमुख तबले आणि पेट्या विकायचा. सोहोनींच्या राख्या होत्या. या धंद्यात दिवसभर बेसमेंटमध्ये खोकी आणि स्क्रीन, बोलायला माणूस नाही. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी निदान कोणी भेटतं. आमचं कॉफीचं मशीन म्हणजे हा रविवार. मीटिंगची शिस्त माझ्याकडे होती. प्रत्येकाने आळीपाळीने सांगायचं, या महिन्यात काय जमलं आणि काय फसलं.

सोहोनींची पाळी आली की ते म्हणायचे, “ठीक चाललंय.” आणखी खोदलं तर, “तुमच्या आशीर्वादाने.” दुसऱ्यांचं मात्र कान टवकारून ऐकायचे आणि मध्येच बारीक प्रश्न विचारायचे. कुठल्या कुरिअरने किती सूट दिली, कोणत्या जाहिरातीवर लोक क्लिक करतात, सगळं त्यांना हवं असायचं.

एकदा मी, देशमुख आणि सोहोनी शिकागोला ऑनलाइन दुकानदारांच्या संमेलनाला गेलो. तिथे सोहोनींनी प्रत्येक स्टॉलवरून कार्डं गोळा केली. त्यांचं कोणी मागितलं की खिसे चाचपून म्हणायचे, “अरे, संपली बघा.” परतताना विमानात त्यांनी बॅगेतून चष्म्याचं घर काढलं, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कार्डांचा रबरबँड लावलेला कोरा गठ्ठा मला दिसला. मी बघतेय हे त्यांनीही पाहिलं. जराही न ओशाळता म्हणाले, “वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची.”

त्याच्या पुढच्याच वर्षी माझा माल घरात मावेना. पेनसिल्व्हेनियात एक गोदामवाला होता; माल त्याच्याकडे ठेवायचा, ऑर्डर आली की तोच पॅक करून पाठवायचा. सोहोनींनी आपल्या राख्या त्याच्याकडे दिल्याचं देशमुखकडून कळलं होतं. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सरळ विचारलं, की राखीपौर्णिमा होऊन गेली, तर अनुभव कसा आहे? कारण मी माझी अख्खी दिवाळी त्याच्या हवाली करणार आहे. सोहोनींनी एक दाणा तोंडात टाकला. “ठीक चाललंय.”

मी माल हलवला. माझं वर्षभराचं दुकान म्हणजे ते चार आठवडे. गोदामवाल्याने घोळ घातला आणि अभ्यंगस्नानाचं उटणं लोकांना भाऊबिजेनंतर मिळालं. क्युपर्टिनोच्या एका बाईंनी लिहिलं, ‘पुढच्या वर्षीची दिवाळी इतक्या लवकर पाठवल्याबद्दल आभार.’ त्यांनी निदान विनोद तरी केला. बाकीच्यांनी नुसती खोकी परत पाठवली. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

नंतर समजलं, की सोहोनींच्या राख्याही पौर्णिमा उलटल्यावर पोचल्या होत्या. पुढच्या रविवारी मी त्यांना खोलीच्या दारातच गाठलं. विचारलं होतं ना मी, म्हटलं.

“विचारलं होतंत. मी काय माझी फजिती चारचौघांत सांगत बसू?”

“माझी दिवाळी गेली, सोहोनी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही वाचला असता,” ते शांतपणे म्हणाले. “मला कोणी वाचवलं होतं?”

हे वाक्य मी त्यांना कधीच माफ केलं नाही, आणि आज लिहितानाही करत नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: आधी फसलेलं सांगायचं, मग जमलेलं. देशमुखने त्याला नाव दिलं, ‘मूठ उघडा’. सोहोनी वर्षभर फिरकले नाहीत.

त्यांच्या गैरहजेरीत देशमुखचं दुकान सर्च इंजिनवरून अचानक गायब झालं. त्याने ते आल्या आल्या सांगितलं. दुकान शोधात वर यावं म्हणून त्याच्या डिझायनरने वेबसाइटच्या पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तेच ते शब्द शेकडो वेळा लिहून ठेवले होते. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात, आणि यंत्र अशा दुकानाला हाकलून देतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते शोधलं. त्याने पानं साफ केली, सर्च इंजिनवाल्यांना माफीची ईमेल पाठवली आणि महिन्याभरात दुकान परत दिसू लागलं.

त्यानंतर सोहोनींचा फोन आला. आवाज उतरलेला. “वहिनी, जरा टेक्निकल विचारायचं होतं. एका मित्राचं आहे.” काय झालंय मित्राला, मी विचारलं. “तसं काही नाही, फोनवर नको.” मग रविवारी या, म्हटलं, तिथे कोणाला ना कोणाला माहीत असतंच.

ते आले. वाळले होते. येताना काउंटरवरून मूठ भरून आणली होती आणि नेमके देशमुखच्या शेजारी बसले. त्यांची पाळी आली. मी म्हटलं, “सोहोनी, मूठ उघडा.” सगळे हसले, सोहोनीही हसले. त्यांनी मांडीकडे पाहिलं, एकदा देशमुखकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, आता बोलतील.

“ठीक चाललंय,” ते म्हणाले.

राखीपौर्णिमेच्या आत त्यांचं दुकान बंद झालं. देशमुखने त्यांची साइट उघडून पानावरून माउस ओढला, तर निळ्या पट्ट्यात पांढरी अक्षरं उमटली: राखी, राखी, राखी, खालपर्यंत. डिझायनर तोच होता. उपाय एका खुर्चीच्या अंतरावर बसला होता आणि विचारलं असतं तर देशमुखने त्याच दुपारी साइट साफ करून दिली असती. तो अजून हळहळतो. मी हळहळत नाही.

पुढे एकदा वाणसामानाच्या दुकानात, मेथीच्या जुड्यांपाशी ते समोर आले. तोंड चुकवायला जागा नव्हती.

“ठीक चाललंय, वहिनी.”

“मी विचारलं नव्हतं,” म्हटलं, आणि गाडी पुढे ढकलली.