ज्याचा घास त्याला

तिचं खरं नाव कुणी घेत नसे. घरचे, शेजारचे, गिऱ्हाइकं, सगळे तिला भिंगरी म्हणत. समोरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं, मागे स्वयंपाकघर. दिवसभर तिच्या या दोहोंमध्ये येरझारा चालत. चहाही ती उभ्यानेच प्यायची, आणि तो पिता पिता पडद्याची घडी सारखी करायची.

"तुला बसलं की मुंग्या येतात का गं?" दादा विचारायचा.

"बसून बघितलं की सांगते," भिंगरी म्हणायची आणि तोवर दाराशी पोचलेली असायची.

दादा आणि वहिनी सकाळीच कामाला निघत. त्यांची दोन वर्षांची लेक दिवसभर आत्याजवळ. पोरीचं लाडाचं नाव ठमी. नाव ठमी, पण अंगावर मूठभर मांस नाही. चमचा दिसला की तिच्या ओठांना काज-बटण लागायचं. भिंगरीने त्यावर तोड काढली होती. भाताचा मऊ गोळा, उकडलेल्या गाजराची फोड, चार मटार, अंड्याचा तुकडा, जे असेल ते ती पोरीच्या हातातच द्यायची.

"हा घास काऊचा! हा चिऊचा! हा बाबाचा, हा आईचा, हा आत्याचा बरं का!"

ठमी घास घेऊन दुडुदुडु निघून जायची. भिंगरी तेवढ्यात एखादी बाही जोडून घ्यायची. पोर रिकाम्या हाताने परत आली की पुढचा घास. वाटी रिकामी व्हायची. संध्याकाळी वहिनीला ती मनापासून सांगायची, "आज चाटूनपुसून संपवलं हो!"

पण ठमीचे फ्रॉक दिवसेंदिवस ढगळ दिसायला लागले. भिंगरीने फ्रॉकची बाजू चिमटीत धरून पाहिली. वाटी तर रिकामी होतेय, मग खाल्लेलं जातं कुठं? वहिनीच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून तिने दुपारी गुपचूप फ्रॉकच्या दोन्ही बाजूंच्या शिलाया आत घेतल्या. फ्रॉक नीट बसले. तिचं मन मात्र ठिकाणावर बसेना.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी फ्रॉक काढूनच पोरीला काट्यावर ठेवलं. वजन वाढायच्या ऐवजी उतरलं होतं. वहिनीने फ्रॉक उलटा करून पाहिला, शिलाईवरून बोट फिरवलं. घरी आल्यावर तिने विषय काढला.

"वाटी संपली म्हणून सांगत होतीस ना रोज?"

"संपतच होती, वहिनी. तुझी शपथ."

"मग हे काय? माझ्यापासून लपवलंस?"

भिंगरीने टेबलावरच्या टाचण्या उगाच वेचल्या, परत सांडल्या, परत वेचल्या.

"पुढच्या तपासणीला काटा वर गेला नाही, तर मी हिला माझ्या आईकडे ठेवणार," वहिनी म्हणाली. "लांब आहे, मलाही रोज भेटणार नाही. पण पोरीच्या पोटात दोन घास तरी जातील."

त्या दिवसापासून भिंगरीची नुसती तारांबळ उडाली. तिने गाजराची फुलं कापली, अंड्यात मटार लपवले. आता हातात घास देणं बंद. ती चमचा घेऊन टेबलाखालून, खुर्चीमागून, पडद्यात शिरून पोरीचा पाठलाग करू लागली. एकदा तर तिने गाल धरून घास कोंबला. ठमीने तो सरळ एका गिऱ्हाइकाच्या नव्या पँटवर थुंकला. पँट धुताना भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. उद्या ही पोर इथे नसली तर या खोलीत यंत्राच्या आवाजाशिवाय काय उरेल, या विचाराने तिला खरंच मुंग्या आल्या.

मग एका सकाळी दादा दारातूनच ओरडला, "अरे, माझ्या बुटात काय आहे हे!"

दादाने लग्नाकार्यापुरते ठेवलेले चांगले बूट त्या दिवशी बाहेर काढले होते. त्यातून वाळलेलं गाजर निघालं. मग वहिनीने ठेवणीतली पर्स झटकली, तर मटार टपटप पडले. खिडकीच्या कट्ट्यावर, कुंडीमागे, भाताच्या कडक गोळ्यांना मुंग्यांची रांग लागली होती.

"घ्या! अन्न लपवायलाही शिकली!" वहिनी म्हणाली.

भिंगरी पोरीसमोर उकिडवी बसली. "ठमे, बुटात कुणी ठेवलं?"

"मी."

"का गं?"

"बाबाचा," ठमी म्हणाली.

"आणि पर्समधलं?"

"आईचा."

"खिडकीतलं?"

"काऊचा. चिऊचा." मग तिने आत्याचं बोट धरून तिला यंत्रापाशी नेलं आणि खालचा खण ओढला. जुन्या दोऱ्यांच्या गुंत्यात केळ्याचा काळा पडलेला तुकडा होता. "आत्याचा. तू खाल्ला नाय," ती रागावून म्हणाली.

दादाला हसू फुटलं होतं, ते अर्ध्यावरच थांबलं.

"मग ठमीचा कुठला?" भिंगरीने विचारलं.

ठमीने दोन्ही हात उघडून दाखवले. "ठमीचा नाय."

ज्याचा घास त्याला पोचवायचा, एवढंच पोरीला कळलं होतं. ती इमानाने सगळ्यांकडे घास पोचवत राहिली होती. आत्या दोन मिनिटं जवळ बसली असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

"बूट पुसून घे," वहिनी दादाला म्हणाली. भिंगरीकडे तिने पाहिलं नाही.

त्या दुपारी भिंगरीने जमिनीवर सतरंजी घातली, मधे एकच ताट ठेवलं आणि मांडी घालून बसली. हात शिवशिवत होते. दारावर थाप पडली.

"पँट झाली का?"

"थांबा, जेवतेय."

"बसून?" बाहेरचा माणूस घाबरला. "तब्येत बरी आहे ना?"

ठमी लांबून बघत होती. भिंगरीने गाजर उचललं. "हा माझा," म्हणाली आणि खाल्लं. मग मटार. "हाही माझा." ती पोरीकडे बघेना. ती सावकाश चावत राहिली.

ठमी जवळ आली. ताटातला एक मटार बोटाने ढकलला.

"हा कोणाचा?"

"हवा तर ठमीचा."

तिने तो खाल्ला. दुसरा खाल्ला. गाजर चाटून परत ताटात ठेवलं. भिंगरीची जीभ 'खा गं' म्हणायला वळवळली, पण तिने ती दातांत धरली.

रोज असं होईच असं नाही. कधी पोर भातात नुसती बोटं घालायची, कधी ताट बघून पाठ फिरवायची. भिंगरी तरी बसायची, आणि संध्याकाळी वहिनीला खरं तेच सांगायची. "आज काही नाही खाल्लं" हे सांगताना ती टाचण्या वेचत राहायची.

तपासणीच्या दिवशी काटा आधी हलला, डगमगला, मग मागच्या खुणेच्या जरा पुढे जाऊन थांबला. डॉक्टर म्हणाले, "ठीक. पण लक्ष असू द्या." घरी येऊन वहिनीने ठमीचा एक फ्रॉक यंत्रावर टाकला.

"याच्या शिलाया उसव."

"सगळ्यांच्या उसवू?"

"याच्या उसव आधी. बाकीचे हिने खाऊन उसवायला लावायचे."

भिंगरी लगबगीने कात्री आणायला उठली, तशी ठमी केळ्याचा तुकडा घेऊन आडवी आली.

"आत्याचा. खाली बश."

भिंगरी खाली बसली आणि ठमीच्या डोळ्यांदेखत तो घास तिने खाऊन दाखवला.