बादली कोण उचलतं

गेल्या वर्षी जूनमध्ये, आमच्या बोटीवर राहायला आल्यानंतर नवव्या दिवशी, माझे वडील बॅग भरून ब्रॅकनेलला माझ्या धाकट्या भावाकडे निघून गेले. ते तीन महिन्यांसाठी आले होते. जाण्याचं कारण होतं संडास.

बोट नॉटिंगहॅमजवळच्या कालव्यात एका ठरलेल्या धक्क्याला बांधलेली असते. लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सात फुटांना दोन इंच कमी. अशा बोटीला इथे नॅरोबोट म्हणतात आणि या नावात कसलीही अतिशयोक्ती नाही. एक जण चहा करत असेल तर दुसऱ्याला बिछान्याकडे जाण्यासाठी त्याची परवानगी लागते. मी आणि माझा नवरा चार वर्षांपासून तिच्यात राहतो. घर सोडून बोट का, असं कोणी विचारलं की आम्ही 'साधं राहायचं होतं' असं सांगतो. साधं राहणं म्हणजे रविवारी लांब पाइप लावून पाण्याची टाकी भरणं, हिवाळ्यात सकाळी उठून आधी शेगडीतली राख काढणं, अंघोळ तीन मिनिटांत उरकणं आणि कंपोस्ट टॉयलेट वापरणं.

कंपोस्ट टॉयलेटमध्ये पाणी नसतं. लघवी पुढच्या बाजूने एका कॅनमध्ये जाते, बाकीचं मागच्या बाजूला बादलीत. वरून नारळाच्या काथ्याचा भुसा टाकायचा आणि झाकण लावायचं. वास येत नाही. हे शेवटचं वाक्य बोटीवर राहणारा प्रत्येक माणूस पहिल्या पाच मिनिटांत, कोणी विचारलेलं नसताना म्हणतो. बादलीतल्या मालाचं वर्षभरात खत होतं. आम्ही ज्या वेबसाइटवरून टॉयलेट मागवलं तिथे एक तरुण बाई ते खत ओंजळीत घेऊन हसत होती. ते तिचं स्वतःचं होतं का, याचा खुलासा नव्हता.

माझे वडील महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. ते नोकरीला लागले तेव्हा गावात टोपलीचे संडास होते. वर बसायला फळ्या, खाली टोपली आणि मागच्या बोळात उघडणारं बुटकं दार. सकाळी एक बाई येई, दारातून टोपली ओढून डोक्यावरच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करी आणि पुढच्या दाराकडे जाई. तिला शिळी भाकरी द्यायची ती वरून टाकून, हाताला हात लागू नये म्हणून. ही दारं विटांनी बुजवून घेणं हे वडिलांचं काम होतं. पहिलं दार त्यांनी बुजवलं ते आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराचं. घरमालक दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. गावातलं शेवटचं दार बुजलं तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवशी ते घरी आले, अंघोळ केली आणि जेवले. समारंभ एवढाच.

अशा माणसाला मुलीच्या घरातली टोपली दाखवायची आहे आणि ती मुलीने हौसेने मागवलेली आहे, ही गोष्ट त्यांचं तिकीट काढताना आम्हा दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आली नाही. मी पुण्यातल्या एका दैनिकासाठी अनेक वर्षं महापालिकेच्या बातम्या केल्या आहेत.

आल्या दिवशी नवऱ्याने त्यांना बोट दाखवली. त्याला वेळ लागला नाही.

"बाबा, ऑनेस्टली, अजिबात स्मेल येत नाही," तो म्हणाला.

बाबांनी झाकण उघडलं, वाकून पाहिलं, झाकण लावलं.

"टोपली आहे ही."

"बकेट आहे, बाबा. आणि वर सेपरेटर आहे. ही टेक्नॉलॉजीच वेगळी आहे."

"वरून काय टाकता?"

"कोकोपीट."

"आमच्याकडे राख टाकायचे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "उचलतं कोण?"

"आमचं आम्हीच," मी म्हणाले.

"आम्ही म्हणजे? कोण ते सांग."

"दोघं. आळीपाळीने."

त्यांनी मान हलवली. "ज्याचं त्याने उचललं तर माझी हरकत नाही. पण मला थोडे दिवस दे. सवय व्हायला पाहिजे."

तोपर्यंतची सोय म्हणून त्यांनी कालव्याच्या लॉकजवळचा, म्हणजे बोटी खाली-वर नेणाऱ्या पाण्याच्या दारांजवळचा, फ्लशचा संडास धरला. बोटवाल्यांसाठी तिथे एक विटांची खोली आहे, तिची किल्ली आमच्याकडे असते. रोज सकाळी ते कोट घालून, हातात छत्री आणि किल्ली घेऊन बारा मिनिटं चालत जात. वाटेत कुत्रं फिरवणाऱ्या प्रत्येकाला 'गुड मॉर्निंग, सर' म्हणत, बायकांनाही. तिसऱ्या दिवसापासून दारात डोकं आपटणं बंद झालं. पाचव्या दिवशी एक बोट वेगाने शेजारून गेली आणि आमच्या गॅसवरचं वरण लाटेबरोबर जमिनीवर आलं, तेव्हा त्यांनी पुढच्या डेकवर जाऊन तिच्यामागे मराठीत ओरडून सांगितलं, "ए, हळू! माणसं राहतात इथे!" बोटवाल्याने हात हलवून आभार मानले.

भाऊ रोज फोन करत होता. "ताई, त्यांना इकडे पाठव ना. माझ्याकडे अडीच बाथरूम आहेत."

"अर्धी बाथरूम म्हणजे काय रे?" बाबांनी मागून विचारलं.

मला ते जायला नको होते. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घर सोडून कुठे राहत होते, आणि दोन मुलांपैकी आधी माझ्याकडे आले होते. ते बोटीवर राहिले तर आमचं हे जगणं त्यांना मान्य आहे असं ठरणार होतं. मी दर सकाळी त्यांच्या हातातल्या किल्लीकडे बघत होते. सातव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी ती खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "उद्यापासून घरातलाच वापरीन."

शनिवारी साडेनऊला शेजारचे आजोबा आले.

हे आजोबा आमच्यापासून दोन बोटी सोडून राहतात, एकटेच. वय शहात्तर, म्हणजे बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठे. भाजीपाला लावायला कौन्सिलकडून मिळतो तसा जमिनीचा तुकडा त्यांच्याकडे आहे, त्याला इथे अलॉटमेंट म्हणतात. आम्ही बोट घेतली तेव्हा ते पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाले होते, तुमची बादली मला देत जा, भोपळ्यांना चांगली. आम्ही दिली. तेव्हापासून ते एक शनिवार सोडून ट्रॉली घेऊन येत, मागच्या डेकवरची भरलेली बादली नेत आणि धुतलेली परत ठेवत. मी बाजूच्या खिडकीतून त्यांना शंकरपाळ्यांचा डबा देई. ते 'लव्हली' म्हणत. आमच्या भिंतीवर पाळीचा तक्ता लावलेला होता. त्यात एका खेपेला माझं नाव होतं, पुढच्या खेपेला नवऱ्याचं. पाळी होती ती बादली मागच्या डेकवर नेऊन ठेवण्याची. अंतर पाच पावलं. आजोबांच्या येण्याला आम्ही कम्युनिटी म्हणत होतो.

बाबा पुढच्या डेकवर मटार सोलत होते. त्यांनी खिडकी उघडलेली पाहिली, डबा बाहेर जाताना पाहिला आणि ट्रॉलीवरची बादली पाहिली. मटार खाली ठेवून ते धक्क्यावर उतरले.

"एक मिनिट, सर," ते म्हणाले. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं आहे. "हे काम आपण किती वर्षांपासून करता?"

"यांचं चार वर्षं," आजोबा म्हणाले. "त्याआधी दुसऱ्या एका बोटीचं न्यायचो. ते धरलं तर सात."

"आपल्याला हा माल लागतो?"

"सुरुवातीला लागायचा."

"सध्या?"

"सध्या माझ्याकडे पुढच्या राजाच्या राज्याभिषेकापर्यंत पुरेल इतकं खत आहे."

"मग आपण नकार का दिला नाही?"

आजोबांनी आधी ट्रॉलीकडे पाहिलं, मग खिडकीतल्या माझ्याकडे. त्यांचे कान लाल झाले होते. "मुलं फार गोड आहेत हो. कसं सांगायचं ते कळत नव्हतं. माझी कंबर धरली होती, तेव्हा मागच्या हिवाळ्यात सांगणारच होतो. पण मग हिने बिस्किटं दिली."

"बिस्किटं आवडतात?"

"दात गेल्यापासून नाही. बदकांना घालतो. तीही आधी जरा विचार करतात."

बाबांनी त्यांचे आभार मानले. आजोबा ट्रॉली घेऊन गेले, कारण दुसरं काय करायचं हे त्यांना सुचलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. नवरा हेडफोन काढून बाहेर आला होता.

"बाबा, पण ते व्हॉलंटरी आहे. कोणी फोर्स केला नाही त्यांना. चार वर्षांत एकदाही नाही म्हणाले नाहीत."

"ती बाईसुद्धा कधी नाही म्हणाली नव्हती," बाबा म्हणाले. आत येऊन त्यांनी हात धुतले आणि उरलेले मटार सोलून संपवले. खुंटीवरची किल्ली घेऊन ते लॉककडे गेले. रविवारी दुपारी त्यांनी बॅग भरली. जाताना मला एवढंच म्हणाले, "बोटीला मागचं दार नसेल असं मला वाटलं होतं."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं आजोबांच्या बोटीवर माफी मागायला गेलो. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं नाही. आमच्याआधी त्यांनीच माफी मागितली: नाही म्हणाल्याबद्दल, वडिलांच्या देखत म्हणाल्याबद्दल, आणि बदकांबद्दल. आम्ही पुन्हा मागितली. शेवटी कोणी कोणाला माफ केलं हे स्पष्ट झालं नाही. निघताना त्यांनी अलॉटमेंटच्या फाटकाची जादा किल्ली दिली आणि कोपऱ्यातली एक जागा दाखवीन म्हणाले. तिथे आम्ही आमची खताची पेटी बांधावी.

पेटी आम्ही जुन्या लाकडी पॅलेट्सची बांधली. एक शनिवार-रविवार गेला, दोन्ही दिवस पावसात. त्यानंतरचा शनिवार बादलीचा होता.

"आज तुझी," मी नवऱ्याला म्हणाले.

"मला कॉल आहे गं."

"शनिवारी?"

"यूएसवाल्यांबरोबर."

"यूएसमध्येही शनिवारच असतो."

"पुढच्या दोन मी नेतो. प्रॉमिस."

ती बादली मी नेली. भरलेली बादली किती जड असते हे मला चार वर्षांत पहिल्यांदा कळलं. अलॉटमेंट कालव्याकाठच्या खडीच्या वाटेने पंचवीस मिनिटांवर आहे. वाटेत दोन ठिकाणी ट्रॉली उचलून घ्यावी लागते, म्हणजे शहात्तर वर्षांच्या माणसालाही घ्यावी लागत होती. एका सायकलवाल्या बाईने थांबून मदत केली आणि आत काय आहे ते विचारलं. मी 'खत' म्हणाले. "वा, कशाचं?" तिने विचारलं. मी खरं सांगितलं. तिने दिवस चांगला जावो म्हणून सांगितलं आणि हँडलवरून हात काढून पँटला पुसला.

त्यानंतरची नवऱ्याने नेली. परत आल्यावर त्याने आधी हात धुतले. मग त्याने भिंतीवरचा तक्ता काढून फाडला आणि नवा केला. वास येत नाही हे वाक्य त्याने त्यानंतर वापरल्याचं मला आठवत नाही.

बाबा ब्रॅकनेलहून दर शनिवारी संध्याकाळी फोन करत. भावाकडे त्यांना काही कमी नव्हतं. "अर्धी बाथरूम पाहिली. बसता येतं, अंघोळ करता येत नाही," असं त्यांनी कळवलं. मग नेहमीचा प्रश्न यायचा.

"आज कोणी नेली?"

"आज पाळी नव्हती, बाबा. मागच्या शनिवारी यानेच नेली."

"शेजाऱ्यांना फोन दे."

मी बातमीदार असताना एका बाजूचं ऐकून बातमी दिली नव्हती, त्यामुळे मला तक्रार करता आली नाही. फोन घेऊन मी दोन बोटी चालत गेले. आजोबा फोनवर सरळ उभे राहून बोलले. "नाही सर. मी हात लावलेला नाही. हो, दोन्ही वेळा. पहिली तिने, दुसरी त्याने. स्वतः पाहिलं सर." मग ते काही वेळ ऐकत राहिले, हसले आणि म्हणाले, "कंबर बरी आहे, थँक यू. तुमचे गुडघे?"

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, बाबा नॉटिंगहॅमला ट्रेनमधून उतरले. भावाने डब्यात लाडू दिले होते. बोटीवर आल्यावर त्यांनी चहा घेतला, नवा तक्ता चष्मा लावून वाचला आणि नवऱ्याकडून पेन मागून घेऊन त्यात तिसरं नाव लिहिलं.

"बाबा, तुम्ही कशाला? खरंच जड असते," नवरा म्हणाला.

"मी वापरणार नाही का?"

शुक्रवारी सकाळी पावणेसात वाजता त्यांनी आमच्या संडासाचं दार आतून लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीची बादली त्यांच्या पाळीची होती. ट्रॉली त्यांनी ढकलली. वाट दाखवायला शेजारचे आजोबा त्यांच्याबरोबर चालत गेले, रिकाम्या हातांनी. पंचवीस मिनिटांच्या वाटेला दोघांना पन्नास मिनिटं लागली.