एडक्यावर जळणारा बिरू

परतूरजवळच्या वस्तीवरचा बिरू जळायचा तो आपल्याच कळपातल्या एडक्यावर. २००३ साली टेम्पोच्या टपावरून तो डोक्यावर पडला. जखम भरली, पण दिवसभर रानोमाळ मेंढरं वळणारा हा गडी आता दुपारीच गळून जायचा, आणि दोन माणसं एकदम बोलली की त्याचं टाळकं सरकायचं.

नवीन जालन्यातले डॉक्टर म्हणाले, "डोक्याचा फोटो साफ आहे. पण मेंदूच्या पेशींत शक्ती तयार करणाऱ्या बारीक चुली असतात, त्यांची स्वतःची जनुकंही असतात. जबर मारानं त्यांचं काम बिघडतं. चूल शाबूत दिसते, पण जाळ होत नाही."

वस्तीला ते पटलं नाही. "कुठं काय झालंय त्याला? नुसता पडून राह्यलाय."

आणि हा एडका! रोज दुसऱ्या एडक्याला धावत जाऊन धडक द्यायचा, आणि लगेच बाभळीच्या शेंगा खायला मोकळा. बिरू खाटेवरून धुमसायचा, "ह्याच्या चुली बऱ्या इझत न्हाईत!"

एकदा एडक्याचं कपाळ जरासं फुटलं. बिरूची बायको बायनाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन हळद-तेल लावायला बसली. "लई लागलं का रं माझ्या राजाला?"

बिरू ताडकन उठला. एडक्याला ढकलून त्यानं स्वतःचं डोकं तिच्या मांडीवर टेकवलं.

"मला बी लाव."

हळदीचं बोट त्याच्या केसांवर थांबलं. "कुठं लावू?"

बिरूला जागा दाखवता येईना.