यादोराव गुरुजींचा सातचा पाढा

यादोराव गुरुजींना प्रशिक्षणाचा मनापासून कंटाळा. लाखांदूरला मास्तर लोकांना गोळा करायचं, पंख्याखाली बसवायचं, पोहे-चहा द्यायचा आणि ज्याने कधी चौथीचा वर्ग हाकला नाही त्याने शिकवावं कसं ते सांगायचं, असं त्यांचं मत. ते मत ते मागच्या रांगेतून, तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मांडत. आवाजच तसा होता. गुरुजी पाढे म्हणायला लागले की शेजारच्या बांध्यांत धानाची रोवणी करणाऱ्या बायाही सोबत म्हणू लागत, असं गावात सांगतात. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

त्याच खर्र्याने घात केला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. गुरुजी ऑपरेशनची तारीख घेऊन परतले आणि पुढच्या प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत जाऊन बसले. गणिताचे पाठ मोबाइलवर कसे रेकॉर्ड करायचे, त्यांना चित्रं कशी जोडायची, हे तृप्ती मॅडम शिकवत होत्या. गुरुजींनी शंका विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं. एक गोष्ट मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावली होती. समोर पोरं बसलीत असं समजून बोला, नाव घेऊन प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी जरा थांबा.

गुरुजींनी ते शब्दशः पाळलं. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात बसून, दुखऱ्या घशाने, त्यांनी चौथीचं सगळं गणित रेकॉर्ड केलं. मग नागपूरला गेले आणि मुके होऊन आले.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. टीव्हीवर चित्रं हलत, स्पीकरमधून गुरुजींचा जुना खणखणीत आवाज येई आणि गुरुजी बाजूला उभे राहून काठीने दाखवत. मग सातचा पाढा आला. पडद्यावर धानाच्या रोपांच्या ओळी उमटू लागल्या, ओळीत सात रोपं. सात त्रिक एकवीसपर्यंत आवाज नीट आला आणि एकाएकी मऊ झाला.

"गुड्डी, खिडकीतून काय पाहून राहिली? सात चोक किती?"

मग शांतता. स्पीकरमधून नुसती हवा वाजत होती. त्यानंतर आवाज म्हणाला, "बरोबर. बस खाली."

पोरांनी एकदम मागे वळून पाहिलं. वर्गात गुड्डी नावाची कोणी नव्हतीच. मागच्या खिडकीखाली रिकामी सतरंजी होती आणि खिडकीबाहेर बोडीचं, गावच्या छोट्या तळ्याचं, पाणी.

गुड्डी गुरुजींची एकुलती एक लेक. याच शाळेत, याच खिडकीखाली बसायची आणि पाढा सोडून बोडीतले बगळे बघायची. चौथीत असताना मेंदूज्वराने गेली. त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून घरात तिचं नाव ना गुरुजींनी घेतलं, ना त्यांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी. वर्गात त्या खिडकीकडे बघायचंही गुरुजींनी सोडलं होतं. पाठ रेकॉर्ड करताना आपण हे बोललो, हे त्यांना काही केल्या आठवेना. आणि ते "बरोबर" कोणाला म्हटलं?

दुसऱ्या दिवशी पोरं सरकून बसली. खिडकीखालची जागा मोकळी सोडून. नवीन आलेली मोनू तिथे दप्तर ठेवायला गेली तर बाकीच्यांनी तिला ओढून घेतलं, तिथं गुड्डी बसते म्हणून. पाढा लागला की एकवीसनंतर सगळा वर्ग श्वास धरून मागे बघे. एका पोराला ताप भरला, दोघांनी शाळेत यायचं सोडलं आणि आयाबाया शाळेच्या फाटकाशी कुजबुजू लागल्या.

तृप्ती मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी ऐकलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. तेवढा तुकडा कापता येईल, म्हणाल्या. पण सात चोकही त्यासोबत जाईल, आणि अठ्ठावीस हा आकडा तर आवाजाने कुठे उच्चारलाच नव्हता. तेवढं फळ्यावर लिहा, असं त्यांनी सुचवलं. गुरुजींनी पाटीवर लिहिलं, उद्या सांगतो. लेकीचं नाव त्यांच्या आवाजात एवढं एकदाच उरलं होतं. कापलं की ते पुन्हा म्हणायला गळाच नव्हता.

संध्याकाळी त्यांनी शकुंतलाबाईंना मोबाइलवर तो तुकडा लावून दिला. त्यांनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तुमी तिले हाक मारली, मले लय बरं वाटलं जी. पण लोकायचे लेकरं भेऊन राहिले. काढून टाका."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तुकडा निवडून दिला आणि गुरुजींनी स्वतःच्या बोटाने तो पुसला.

त्यानंतर पाढा लावला तेव्हा आवाज एकवीसवरून थेट सात पंचे पस्तीसवर गेला. गुरुजींनी पाठ थांबवला आणि फळ्यावर सात गुणिले चार लिहिलं. पोरं मात्र मागे वळून बसली होती. खिडकीखालच्या सतरंजीकडे बघत, नेहमीसारखी वाट पाहत. मोनूने हळूच विचारलं, "गुरुजी, गुड्डी आज नाही आली काय?"

अठ्ठावीस लिहायला उचललेला गुरुजींचा हात तसाच राहिला. ते वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खिडकीकडे बघत, पोरांसोबत उत्तराची वाट पाहत उभे राहिले.