एकच टेंपो, दोन झेंडे

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मालक एका पक्षाचे, धाकटे दीर दुसऱ्याचे. मी मत देते, पण कुणाला ते सांगत नाही.

यंदा वालाच्या शेंगा भरल्या आणि निवडणूकही तेव्हाच आली. शेंगा भरल्या की दोघे भाऊ मिळून पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि शेंगा भरायच्या, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. यंदा ती एकत्र होते की नाही, याचीच मला धास्ती. दिरांचा पुढारी म्हणाला, वर्षभरात घरोघरी नळ, की मालक म्हणणार, "थापा!" त्यांचा स्वतःचा पुढारी तेच म्हणाला, तर "माणसाला उमेद नको का द्यायला?" दिरांचंही असंच, फक्त उलटं.

पोपटीच्या दिवशी ऊन उतरलं तेव्हा मालक अंगणात शेंगा धूत होते. बांबूच्या बेटामागून कर्ण्याचा आवाज आला, "पुढच्या उन्हाळ्यात पाणी तुमच्या दारात!"

"ऐक गं," मालक मला म्हणाले, "याला म्हणतात नेता."

टेंपो पुढे आला, तर झेंडे दिरांच्या पक्षाचे. टेंपो कर्जतचा, सकाळी एका पक्षाच्या भाड्याने, दुपारनंतर दुसऱ्याच्या. ओरडणाराही तोच.

दीर पाल्याचा भारा घेऊन येतच होते. "काय दादा, आमचा नेता पटला वाटतं?"

"थाप हाय ती!"

"आत्ता तर नेता व्हता. झेंडा बघितला नि थाप झाली?"

"मग तुझी पोपटी तू वेगळी लाव."

दिरांनी भारा खाली टाकला आणि ते परत वळले. मी त्यांच्यासमोर फारशी बोलत नाही, पण तोंडून गेलंच.

"भाऊजी, पोपटी शिजली का ते कसं बघता? मडक्यावर पाणी शिंपडूनच ना? चर्र करून सुकलं तर शिजली. मडकं कुणाचं हाय, ते कोण विचारतं?"

दीर मागे फिरले. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"वैनी, तुमीच उभ्या राहा यंदा," दीर म्हणाले.

"ऱ्हाईल की," मालक हसले, "टेंपो तर तोच येणार."

पोपटी एकच लागली. थोड्या वेळाने मालक म्हणाले, "झाली." दिरांनी पाणी शिंपडलं. ते नुसतं ओघळून गेलं. दोघांनी मिळून आणखी पेंढा घातला, आणि मी मिठाची वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसले.